जेमी आवडतो, ऑली का नाही? 'गेम ऑफ थ्रोन्स'मधल्या ग्रे पात्रांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यात स्पॉयलर आहेत का?

भरपूर आहेत. 'गेम ऑफ थ्रोन्स' अगदी शेवटच्या भागापर्यंत, तिची पूर्वकथा सांगणाऱ्या 'हाऊस ऑफ द ड्रॅगन'चे पहिले दोन सीझन आणि जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या पुस्तकांतलंही बरंच काही. मूळ मालिका 17 एप्रिल 2011 ला सुरू झाली आणि 73 भागांनंतर 19 मे 2019 ला संपली, त्यामुळे लपवण्यासारखं आता फारसं उरलेलं नाही. तरी पहिल्यांदाच बघत असाल तर आधी बघून या, हे पान कुठे पळून जात नाही.

ग्रे पात्र कोणाला म्हणायचं? जॉफ्री त्यात येतो का?

नाही. जॉफ्री आणि रॅम्सी सरळसरळ दुष्ट आहेत. जॉफ्रीच्याच लग्नात त्याच्यावर विषप्रयोग झाला तो भाग एप्रिल 2014 मध्ये आला, आणि त्या दिवशी त्याच्यासाठी हळहळलेला माणूस मला अजून भेटायचाय. त्याचं काम करणारा जॅक ग्लीसन उत्तम नट आहे, पण पात्राबद्दल वाद घालण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या टोकाला नेड स्टार्क. तो चुकतो, भाबडेपणाने चुकतो, पण त्याच्या नियतीबद्दल शंका येत नाही. या दोघांच्या मध्ये जी गर्दी आहे, जिच्यावरून दोन शहाणी माणसं रात्रभर भांडू शकतात, ती इथे बघायची आहे.

जेमीने एका लहान पोराला खिडकीतून ढकललं. तरी तो लोकांना आवडतो कसा?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

पहिल्याच भागाच्या शेवटी जेमी लॅनिस्टर दहा वर्षांच्या ब्रॅनला मनोऱ्यावरून खाली ढकलतो. पुस्तकात तर ब्रॅन सात वर्षांचाच आहे. ब्रॅनने त्याला त्याच्याच जुळ्या बहिणीसोबत, सर्सीसोबत, पाहिलं, एवढाच त्याचा गुन्हा. जेमी आपल्याला भेटतो तो असा.

मग 2013 साल उजाडतं. तिसऱ्या सीझनच्या पाचव्या भागात हात तुटलेला, तापाने फणफणलेला जेमी हमामात ब्रिएनसमोर बोलायला लागतो. ज्या वेड्या राजाला मारल्याबद्दल सगळं राज्य त्याला राजहंता म्हणून हिणवतं, त्या राजाने शहराखाली जागोजागी वाइल्डफायर नावाचं ज्वालाग्राही द्रव्य पेरून ठेवलं होतं आणि अख्खं शहर जाळायचा हुकूम दिला होता. जेमीने त्याला मारलं म्हणून लाखो माणसं वाचली. हे त्याने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. बहुतेकांचं मत पालटलं ते या एका प्रसंगात.

पण प्रसंगाआधीची तयारी बघा. पुस्तकांमध्ये ती आणखी उघड दिसते. 1996 आणि 1998 च्या पहिल्या दोन पुस्तकांत जेमीच्या डोक्यात आपल्याला प्रवेशच नाही. तो कायम दुसऱ्याच्या नजरेतून दिसतो आणि ती नजर बहुधा त्याच्या शत्रूची असते. 2000 सालच्या तिसऱ्या पुस्तकात पहिल्यांदा त्याच्या नावाचं प्रकरण येतं. गुन्हा केला तेव्हा तो परका होता, खुलासा करताना आपल्या ओळखीचा झालेला आहे. हाच क्रम उलटा लावून पाहा: आधी हमाम, आधी ब्रिएन, दोन सीझन त्याची सोबत आणि मग खिडकी. लोकांनी त्याला जन्मात माफ केलं नसतं. कृत्य तेच, पोर तेच, उंचीही तीच.

आणि एक गंमत. दुसऱ्या सीझनमध्ये कैदेतून सुटण्यासाठी जेमी आपल्याच नात्यातल्या ऑल्टन नावाच्या मुलाला मारतो. तो मुलगा त्याच्याकडे देवासारखं बघत असतो. जेमीच्या चाहत्याला ऑल्टनबद्दल विचारा, बऱ्याचदा 'कोण ऑल्टन?' असंच उत्तर मिळतं. ब्रॅन पुढे अख्खी मालिका आपल्यासोबत राहतो म्हणून खिडकी लक्षात राहते. ऑल्टन तिथेच संपला.

मग ऑलीवर एवढा राग का? तो तर लहान मुलगा होता.

माझ्या मते प्रेक्षक म्हणून आपली सगळ्यात कठीण परीक्षा ऑलीने घेतली, आणि आपण सपशेल नापास झालो.

चौथ्या सीझनमध्ये भिंतीपलीकडच्या टोळ्या त्याच्या गावावर हल्ला करतात. त्यांच्यातल्या यग्रिटचा बाण त्याच्या वडिलांना त्याच्या डोळ्यांदेखत लागतो. तुझ्या आईबापाला आम्ही खाणार, जा आणि भिंतीवरच्यांना सांग, असं बजावून त्याला जिवंत सोडलं जातं. पुढे लढाईत तो यग्रिटला बाण मारतो. त्यानंतर ज्याला तो आदर्श मानतो तो जॉन त्याच टोळ्यांना भिंतीच्या आत घेतो आणि पोराने समजून घ्यावं अशी अपेक्षा ठेवतो. ऑली जॉनला भोसकणाऱ्यांत सामील होतो आणि सहाव्या सीझनमध्ये फासावर जातो.

आपल्या माणसांच्या खुनाचा सूड हे या मालिकेत सगळ्यात मानाचं कारण. आर्या त्याच कारणासाठी वॉल्डर फ्रेला त्याच्या मुलांच्या मांसाचं सारण भरलेली पेस्ट्री खाऊ घालते आणि आपण टाळ्या वाजवतो. ऑलीचं कारण तेच, नुकसान तितकंच, आणि ते आपल्याला स्पष्ट दाखवलेलंही आहे. तरी त्याच्या फाशीवर लोकांनी जल्लोष केला. कारण आपण आर्यासोबत वर्षानुवर्षं चाललो होतो, आणि ऑलीकडे मात्र जॉनच्या खांद्यावरून बघत होतो. जॉनचं यग्रिटवर प्रेम होतं, म्हणून आपलंही होतं. तिने कोणाचा बाप मारला हे विचारायला आपल्याला सवड झाली नाही.

हाऊंडचं काय?

खाटकाच्या पोराला घोड्यावरून पाठलाग करून मारणारा माणूस दोनेक वर्षांत सगळ्यांचा लाडका होतो. मालिकेने त्याला चेहऱ्यावरच्या भाजल्या डागाची कहाणी दिली, आर्याची सोबत दिली, आणि चौथ्या सीझनच्या सुरुवातीला खानावळीत कोंबडीवरून मारामारी करायला लावलं. विनोदी माणसावर राग धरून बसणं फार अवघड असतं. त्या खाटकाच्या पोराचं नाव मायका. तेवढं आर्याला आठवत होतं.

टिरियन पुस्तकात जास्त वाईट आहे असं म्हणतात. खरं का?

खरं आहे. दोन ठळक फरक सांगतो. मालिकेत टिरियन 'शे' या आपल्या प्रेयसीला मारतो तेव्हा ती आधी सुरी उचलते; पुस्तकात ती सुरी नाहीच. दुसरं म्हणजे पुस्तकात एक गवई 'शे'च्या प्रकरणावरून त्याला ब्लॅकमेल करतो, तेव्हा टिरियन त्याला मारवतो आणि प्रेताची विल्हेवाट गरीब वस्तीतल्या रश्शाच्या पातेल्यात लावली जाते. मालिकेतून हे प्रकरण पूर्ण गायब आहे. वर पीटर डिंकलेजसारखा नट. या भूमिकेला त्याला चार एमी मिळाले आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण पडद्यावरचा टिरियन घासूनपुसून लख्ख केलेला आहे. पाचव्या पुस्तकातला टिरियन कटू, दारूत बुडालेला आणि बायकांशी क्रूर आहे. मालिका बघून पुस्तकाकडे आलेले अनेकजण तिथे दचकतात.

सर्सीची नग्न धिंड निघाली तेव्हा तिची दया आली. मी चूक केली का?

मालिकेने तेच व्हावं म्हणून तो प्रसंग रचला होता. जून 2015 मध्ये आलेल्या पाचव्या सीझनच्या शेवटी कॅमेरा लीना हेडीच्या चेहऱ्यावरून हलत नाही. शिव्या, शेण, दगड, रक्ताळलेले पाय, आणि मागून एकसारखी वाजणारी घंटा. पाच वर्षं जिची फजिती व्हावी म्हणून आपण वाट बघत होतो तिची फजिती झाली आणि कोणालाच मजा आली नाही.

वर्षभराने, जून 2016 मध्ये, तिने वाइल्डफायरने मंदिर उडवलं आणि आतली सगळी माणसं मारली. म्हणजे ज्या आगीपासून शहर वाचवायला जेमीने राजाला मारलं तीच आग त्याच्या बहिणीने वापरली. त्या भागाचंही लोकांनी प्रचंड कौतुक केलं. संगीत सुंदर होतं हे मान्य.

डेनेरिस शेवटी वेडी झाली हे पटत नाही. लेखकांनी वाट लावली ना?

यावर दोन तट आहेत आणि दोघांकडे दारूगोळा आहे.

पहिला तट म्हणतो, सगळं आधीपासून दिसत होतं. मिरीन शहरात 163 गुलाम मुलांना खांबांवर ठोकलेलं पाहून तिने 163 मालकांना तसंच ठोकलं. त्यांतल्या एकाचा मुलगा नंतर येऊन सांगतो की माझ्या बापाने मुलांच्या हत्येला विरोध केला होता. पाचव्या सीझनमध्ये तिने एका सरदाराला ड्रॅगनपुढे टाकलं. सातव्यात शरण न आलेल्या टार्ली बापलेकाला जाळलं. दुसरा तट म्हणतो, शत्रूंशी कठोर वागणं वेगळं आणि शरणागतीच्या घंटा वाजत असताना पोराबाळांनी भरलेलं शहर जाळणं वेगळं. या दोन टोकांमधला रस्ता बांधायला वेळच दिला नाही. पहिल्या सहा सीझनचे दहा-दहा भाग, सातव्याचे सात आणि आठव्याचे फक्त सहा.

मला दुसऱ्या तटाचं वेळेबद्दलचं म्हणणं पटतं. पण लोकांना जो धक्का बसला त्याचं मुख्य कारण घाई होती असं मला वाटत नाही. 12 मे 2019 ला आलेला तो भाग पुन्हा बघा. घंटा वाजतात, डेनेरिसचा चेहरा दिसतो, ड्रॅगन झेपावतो, आणि त्यानंतर त्या भागात तिचा चेहरा पुन्हा दिसत नाही. कॅमेरा खाली गल्लीत उतरतो. राख, धावणारी आर्या, पोरीला कवटाळलेली आई. सात सीझन आपण ड्रॅगनच्या पाठीवर बसून खालची आग बघत होतो. इथे पहिल्यांदा आपल्याला आगीखाली उभं केलं. तिच्या हुकमाने अस्टापोर शहर जळलं तेव्हा कॅमेरा गल्लीत उतरला असता, तर त्याही वेळी टाळ्या वाजल्या नसत्या. शेवटच्या भागात टिरियन जॉनला साधारण हेच ऐकवतो: ती दुष्टांना मारत गेली आणि आपण जयजयकार करत गेलो. वाक्य बरोबर आहे. राग येतो तो याचा, की जयजयकाराचं संगीत त्याच मालिकेने वाजवलं होतं.

या रागाचा आवाका मोठा होता. सीझन नव्याने लिहून काढा म्हणून केलेल्या ऑनलाइन याचिकेवर 15 लाखांहून अधिक सह्या झाल्या. आणि त्याच वर्षी सर्वोत्तम नाट्यमालिकेचा एमीही त्याच सीझनला मिळाला.

मुलीचं नाव 'खलीसी' ठेवलेल्यांचं काय झालं?

'खलीसी' हा डेनेरिसचा किताब; 2018 मध्ये अमेरिकेत 560 मुलींचं हे नाव ठेवलं गेलं. मुली आता शाळेत जातात. नाव चांगलं आहे.

स्टॅनिसने स्वतःच्या मुलीला जाळलं, हे पुस्तकात आहे का?

प्रकाशित पुस्तकांत नाही. जून 2015 मध्ये तो भाग आला तेव्हा पुस्तकवाले पेटून उठले होते. मात्र ही कल्पना आपल्याला मार्टिननेच सांगितली असं निर्मात्यांनी जाहीरपणे सांगितलं. स्टॅनिसच्या बाबतीत परतीचा रस्ता राहिला नाही, कारण शिरीनला आपण ओळखत होतो. तिने दावोसला वाचायला शिकवलं होतं. याच माणसाने आधी स्वतःच्या मेव्हण्यालाही खांबाला बांधून जाळलं होतं. तेव्हा त्याचा एकही चाहता हलला नाही.

जेमी आणि सर्सीचा, मुलाच्या शवाशेजारचा तो प्रसंग?

चौथ्या सीझनचा तिसरा भाग, एप्रिल 2014. सर्सी नको म्हणत राहते आणि तो थांबत नाही. बहुसंख्य प्रेक्षकांनी तो बलात्कारच पाहिला. दिग्दर्शकाचं म्हणणं पडलं की शेवटी शेवटी तिची संमती होते. पडद्यावर ती दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते मुलाखतीत सांगून चालत नाही. मालिका पुढे जणू काही घडलंच नाही अशी वागली. जेमीच्या चाहत्यांपैकी काहीजण हा प्रसंग मालिकेची चूक म्हणून हिशेबातून वगळतात. सोयीचं आहे ते. मी वगळत नाही.

बायकांना जास्त कडक मार्क दिले जातात असं वाटतं. फक्त वाटतंय का?

नाही. सान्सा पहिल्या सीझनमध्ये तेरा वर्षांची आहे, पुस्तकात अकरा. राजपुत्रावर भाळते, वाद टाळण्यासाठी 'आठवत नाही' म्हणते. एवढ्यावर तिला वर्षानुवर्षं शिव्या पडल्या. कॅटलिन नवऱ्याच्या अनौरस मुलाशी तुसडेपणाने वागते, हे लोक नेड जॉनचं खरं जन्मरहस्य तिच्यापासून आयुष्यभर लपवतो त्याहून मोठं पाप मानतात. गंमत म्हणजे बायकांमध्ये आर्या आणि ब्रिएन पटकन आवडल्या. तलवार हातात घेतलेल्या. सान्साचं शस्त्र तोंड बंद ठेवणं हे होतं आणि त्याची किंमत कळायला बऱ्याच जणांना सहा सीझन लागले.

'हाऊस ऑफ द ड्रॅगन'मध्ये टीम ग्रीन की टीम ब्लॅक?

ग्रीन आणि ब्लॅक म्हणजे गादीसाठी लढणाऱ्या एकाच राजघराण्याच्या दोन बाजू, आणि हा प्रश्नच मालिकेच्या जाहिरातीने आपल्या तोंडी घातलाय. दुसऱ्या सीझनआधी, मार्च 2024 मध्ये, दोन बाजूंचे दोन वेगळे ट्रेलर काढले आणि बाजू निवडा म्हणून सांगितलं. क्रिकेटला हे शोभतं. ज्या युद्धात दोन्हीकडची लहान मुलं मारली जातात तिथे जर्सी घालून बसायचं म्हणजे फक्त आपल्या बाजूची मुलं मोजायची, आणि चाहत्यांची भांडणं नेमकी तशीच चालतात. एका बाजूचे 'ल्यूक' म्हणतात, दुसऱ्या बाजूचे 'जेहेरिस' म्हणतात.

मूळ पुस्तक, 2018 चं 'फायर अँड ब्लड', याच्या बरोबर उलट स्वभावाचं आहे. ते एका माएस्टरने, म्हणजे त्या जगातल्या पंडिताने, लिहिलेल्या इतिहासाच्या रूपात आहे आणि त्याचे साक्षीदार एकमेकांना खोटं पाडतात: एक धर्मगुरू, एक दरबारी विदूषक. कोणाच्या मनात काय होतं ते कधीच पक्कं कळत नाही. मालिकेला मात्र चेहरे दाखवावेच लागतात, म्हणून ती ठरवून टाकते. एमंडचा ड्रॅगन त्याला जुमानत नाही आणि ल्यूक मरतो, तेव्हा एमंड भेदरलेला दिसतो. तो एक क्षण दाखवला आणि त्याच्यामागे चाहत्यांची फौज उभी राहिली.

आणि डेमन?

बायकोला दगडाने ठेचतो, दुसऱ्या बायकोचा गळा आवळतो, आणि तरी लाखो लोकांचा हीरो. खुद्द मालिकेच्या एक लेखिका सारा हेस यांनी 2022 मध्ये मुलाखतीत याबद्दल आश्चर्य व्यक्त केलं होतं. माझं उत्तर असं: मॅट स्मिथ, पांढरे केस, ड्रॅगन. याहून खोल काही शोधायची गरज नाही.

अभ्यासकांनी यावर काही लिहिलंय का?

पुष्कळ. सगळ्यात उपयोगी मला मरी स्मिथ या ब्रिटिश चित्रपट-अभ्यासकाने 1995 मध्ये केलेली फोड वाटते. एखाद्या पात्रासोबत असणं आणि त्याच्या बाजूने असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कॅमेरा आपल्याला कोणाच्याही सोबत नेऊ शकतो. बाजू घ्यायची की नाही हे आपण आपल्या नीतीने ठरवतो, असं सिद्धांतात. प्रत्यक्षात पुरेसा वेळ सोबत चाललं की बाजू आपोआप घेतली जाते, असं मला जेमी आणि ऑलीकडे बघून वाटतं.

आपल्याकडे असं काही आहे का?

कर्ण. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' 1967 मध्ये आली आणि मराठी घरांत कर्ण कायमचा आपला झाला. त्या कादंबरीची रचना बघा: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण असे सगळे आपापल्या तोंडून बोलतात. मार्टिनच्या प्रकरणांची पद्धत जवळपास हीच. आणि त्याच वर्षी इरावती कर्व्यांचं 'युगान्त' आलं. त्या कोणाच्याच डोक्यात शिरून बसत नाहीत, बाहेर उभ्या राहून तपासतात. तिथे कर्ण बराच लहान होतो आणि द्रौपदीला भर सभेत तो काय बोलला ते आठवत राहतं. माणूस तोच, सभा तीच. दोन्ही पुस्तकं पाठोपाठ वाचली तर जेमीवरून भांडणाऱ्यांना काही नवीन सांगावं लागणार नाही.

पात्र आवडत नाही म्हणून नटाला मेसेज केला तर?

करू नका.

मालिका बघून झाली. जेमीचा शेवट पटला नाही. पुस्तकं वाचू का?

वाचा, पण शेवट मिळेल या आशेने नको. पाचवं पुस्तक जुलै 2011 मध्ये आलं, सहावं अजून आलेलं नाही. मालिकेतला जेमी आठव्या सीझनमध्ये ब्रिएनला रडत सोडून सर्सीकडे परत जातो आणि तिच्यासोबत ढिगाऱ्याखाली मरतो. चौथ्या पुस्तकात, 2005 सालच्या, सर्सी कैदेतून त्याला पत्र पाठवते: ये, वाचव, माझं तुझ्यावर प्रेम आहे. जेमी उत्तर लिहीत नाही. पत्र आगीत टाकायला सांगतो. पाचव्यात ब्रिएन येऊन त्याला सोबत घेऊन जाते, कुठे आणि कशाला ते त्याला माहीत नाही, आपल्याला मात्र अंदाज आहे. तिथे त्याचा मजकूर थांबलाय.